घरटी एक माणूस

नाथू उतेकर दवाखान्यात गेला तो कापलेलं बोट घेऊन, आणि परत आला तो रक्तदाब घेऊन.

होळी आठवड्यावर आली होती आणि माचीवाडीत कवळतोड जोरात चालली होती. आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर बसलेली ही वाडी. सगळी घरं उतेकरांची, सगळे एकमेकांचे भाऊबंद आणि सगळ्यांची नाकं एकाच साच्यातली. भाताचं रोप टाकायचं तर आधी जमीन भाजावी लागते, आणि जमीन भाजायची तर झाडांच्या फांद्या उतरवून, त्यांचे भारे बांधून शेतात वाळत घालावे लागतात. नाथू ऐनाच्या झाडावर चढला होता. साठीला टेकलेल्या माणसानं झाडावर चढू नये असं त्याची बायको साळूबाई दरवर्षी म्हणायची, आणि नाथू दरवर्षी चढायचा. यंदा कोयता फांदीवरून सटकला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारचं बोट उघडून गेला.

हळद दाबून झाली, फडकं बांधून झालं, रक्त काही थांबेना. मग तो डोंगर उतरला, वडापच्या जीपला मागं लटकला आणि सरकारी दवाखान्यात जाऊन बाकावर बसला. शेजारी त्याचा चुलतभाऊ येसाजी खोकत बसला होता.

दवाखान्यात गेल्या वर्षापासून अनुपमा नावाची तरुण डॉक्टरीण आली होती. पुण्याकडची. दवाखान्यात येणाऱ्या पस्तिशीच्या पुढच्या माणसांपैकी कुणाच्या काळजाला धोका आहे आणि तो कशामुळं आहे, याचा ती अभ्यास करत होती. त्यामुळं खरूज घेऊन आलेला असो की कुत्रं चावलेला, प्रत्येकाला आधी तिच्या टेबलासमोरून जावं लागायचं. नाथूचं बोट कंपाउंडरनं शिवलं, गुंडाळलं, आणि नाथू उठायला गेला तर परिचारिका गीताबाईनं त्याला खांद्याला धरून पुन्हा बसवलं.

आधी वजन. मग उंची. मग डॉक्टरीणबाईनं शिंप्याची टेप काढली आणि नाथूच्या पोटाभोवती फिरवली. परक्या बाईमाणसानं पोटाला टेप लावलेली बघून नाथूनं श्वास आत ओढला. बाई म्हणाली, श्वास सोडा. त्यानं सोडला. पोट जागेवर आलं. बाईनं टेपकडं बघितलं आणि भुवया उचलल्या. मग विचारणं सुरू झालं. मशेरी लावता का? सकाळ-संध्याकाळ. विडी? तोंडाला काम नसलं तर. सुकी मासळी? ती नसली तर भाकरी उतरत नाय. तूप? नाथू हसला. घरी म्हशी असलेल्या माणसाला हे काय विचारणं झालं.

"घरात कुणी छातीत दुखून अचानक गेलं होतं?" बाईनं विचारलं.

"बाप गेला की," नाथू अभिमानानं म्हणाला. "जत्रंत काठी नाचवली, खाली ठेवली, देवळापुढच्या धोंड्यावर बसला तो बसलाच. एवढं पुण्याचं मरन हाय का कुनाचं."

बाईचं पेन थांबलं. "किती वर्षांचे होते?"

"असतील माझ्याएवढंच."

मग तिनं दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबदाबून फुगवला आणि पारा बघितला. पुन्हा फुगवला, पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा दुसऱ्या दंडाला लावला. नाथूला वाटलं, यंत्र नीट चालत नसावं. तो तिला म्हणालासुद्धा, की राहू द्या बाई, पुढच्या खेपेला बघू. पण यंत्र नीट होतं. बाईनं त्याला मीठ सोड म्हटलं, मशेरी सोड, विडी सोड, तूप सोड, रोज सकाळी एक गोळी घे आणि पंधरा दिवसांनी दाखवायला ये. आणि दाब खाली येईपर्यंत जड उचलायचं नाही.

"काठी?" नाथूनं हळूच विचारलं.

"कसली काठी?"

नाथूनं हातानं दाखवलं. छतापर्यंत दाखवलं, छताच्या वरही दाखवलं.

"ती तर मुळीच नाही," बाई म्हणाली.

बाकावरच्या येसाजीचा खोकला त्याच क्षणी थांबला.

*

ती काठी म्हणजे वाडीच्या देवीची, काळकाईची काठी. चैतात खालच्या गावात भैरीची जत्रा भरायची तेव्हा वरच्या सगळ्या वाड्यांच्या काठ्या भैरीला भेटायला उतरायच्या. माचीवाडीची सगळ्यात उंच. कळकाचा अख्खा बांबू, त्याला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाल खण गुंडाळलेले, शेंड्याला मोरपिसांचा कुंचा. चौघे चार बाजूंनी दोऱ्या धरणार, आणि मानकरी काठीचा बुंधा कमरेच्या कातडी पट्ट्यातल्या वाटीत टेकवून ढोलावर नाचवणार. मान नाथूच्या घराचा होता. आजा, बाप, आणि बाप धोंड्यावर बसला त्याच्या पुढच्या वर्षापासून नाथू.

या कामाला पोट लागतं, अशी वाडीची ठाम समजूत होती. काठी वाऱ्यानं झुकली की खाली वजन हवं, नाहीतर ती माणसालाच घेऊन जाते. म्हणून होळी झाली की जत्रेपर्यंत घराघरातून मानकऱ्याकडं तूपगुळाची वाटी यायची. वाडीत पोट म्हणावं असं पोट दोघांनाच होतं. एक नाथूला, आणि दुसरं येसाजीला, जो त्या वाट्यांकडं गेली वीस वर्षं नुसतंच बघत आला होता.

नाथू बोट सांभाळत चढण चढून वाडीत पोचला, तोवर येसाजीनं त्याला जवळजवळ मारूनच टाकलं होतं. बायका दारात उभ्या राहून त्याच्याकडं वाकून बघत होत्या. एका म्हातारीनं तर त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पदर डोळ्याला लावला.

"काय झालंय मला?" नाथू म्हणाला. "बोट कापलंय."

रात्री देवळात गावकी बसली. येसाजीनं फार दुःखानं सांगितलं, की भावाचं काळीज नासलंय असं खुद्द डॉक्टरीण म्हनाली, मी या कानांनी ऐकलं. आता देवीची काठी मधेच पडली तर वाडीवर बालंट. मी काय मान मागत नाय, पन वेळ पडली तर मागंबी हटणार नाय. नाथू म्हणाला की तू हटशील कशाला, वीस वर्षं पट्टा बांधून बसलायस. रामजीही उतेकरच, पण वाडीतला वडील माणूस म्हणून सगळे त्याला गावकर म्हणत. त्यानं दोघांनाही गप्प केलं आणि निवाडा दिला. पंधरा दिवसांनी बोलावलंय ना? मग बाई त्या दिवशी काय म्हणते ते बघू. उचल म्हणाली तर नाथू उचलंल. नको म्हणाली तर काठी येसाजीच्या घरी.

आणि एकदा काठी येसाजीच्या घरी गेली की ती परत येणार नाही, हे नाथूला न सांगता कळत होतं. नाथूचा मुलगा सुनील महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. दिवसपाळी, रातपाळी करून तो फक्त सुट्टीला यायचा आणि म्हशीच्या शिंगालाही बिचकायचा. येसाजीला मात्र तीन मुलगे, तिघेही अंगानं आडवे.

*

होळी झाली आणि तूपगुळाच्या वाट्या यायला लागल्या. त्याच दिवसापासून सुनीलची बायको नूतन हिनं आमटीत मीठ घालणं बंद केलं. ती पोलादपूरला बारावीपर्यंत शिकलेली होती, आणि सासऱ्यानं दवाखान्यातून काय ऐकून आणलंय ते तिनं एकदा विचारलं ते कायमचं लक्षात ठेवलं. नाथू पहिला घास घ्यायचा आणि साळूबाईकडं बघायचा. साळूबाई छताकडं बघायची. मग नूतन पाणी आणायला गेली की शेजारी बसलेला धाकटा भाऊ पांडू आपल्या ताटातला भाजलेला बोंबील मुकाट्यानं भावाच्या ताटात सरकवायचा. पांडूचं लग्न झालेलं नव्हतं. म्हशी चारायच्या, धारा काढायच्या, दूध खाली नेऊन घालायचं, एवढं त्याचं आयुष्य. अंगानं असा काटकुळा, की उन्हात उभा राहिला तर सावली पडायला लाजावी.

गोळ्यांची पुडी साळूबाईनं देवाच्या फळीवर ठेवली. नाथू रोज सकाळी देवाला हात जोडायचा आणि पुडीला हात लावायचा नाही. गोळी खाल्ली की आपण आजारी ठरलो, असा त्याचा हिशेब. न खाल्ली तर अजून काही ठरलेलं नाही.

पण अंग ऐकेना. कवळाचा भारा डोक्यावर घेऊन चढण चढताना मानेमागं कुणीतरी ढोल बडवल्यासारखं व्हायचं. पूर्वी जिथं तो थांबून मागच्यांना शिव्या घालायचा, तिथं आता तो नुसताच थांबायचा. कुणी विचारलं तर बोट ठणकतंय म्हणायचा. त्या एका बोटानं पंधरा दिवसांत एवढं दुखून घेतलं, की दहा बोटांनी जन्मात घेतलं नसेल.

दवाखान्याचा दिवस उजाडला तो नेमका येसाजीच्या शेतावरच्या सावडीचा. माचीवाडीत मजुरी देऊन काम कुणी करून घेत नाही. आज तुमच्याकडं, उद्या माझ्याकडं, घरटी एक माणूस. तो माणूस कोण, हे कुणी विचारत नाही. बाप आला, भाऊ आला, सून आली, घरचं माणूस आलं म्हणजे घर आलं. आता नाथूच्या घरावर त्या दिवशी दोन देणी आली. एक माणूस येसाजीकडं, एक माणूस दवाखान्यात. आणि येसाजीकडं नाथू स्वतः दिसला नाही तर येसाजी काय बोलेल, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

साळूबाईनं चुलीपुढं बसूनच वाटणी केली. "तुमी कवळाला जा. पांडूभावजी तसंबी दूध घालायला खाली जातात, तेच दवाखान्यात जाऊन येतील."

नाथूला त्यात काही वावगं वाटलं नाही. पांडूला तर मुळीच नाही. त्यानं धुतलेला सदरा घातला.

संध्याकाळी पांडू परतला तेव्हा अंगणात अर्धी वाडी जमली होती, येसाजी सगळ्यात पुढं. पांडूला एवढी माणसं ऐकायला बसलेली आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती, त्यामुळं त्यानं आधी सावकाश पाणी प्यायलं. मग सांगितलं. नाव पुकारलं, नाथू धोंडू उतेकर. मी म्हटलं, हाय. काट्यावर उभं केलं. बाई काट्याकडं बघते, माझ्याकडं बघते. गीताबाईला म्हणाली, काटा बिघडलाय, आतला आणा. आतल्या काट्यानंबी तेच सांगितलं. टेप लावली तर ती दोनदा फिरायला आली. दाब बघितला आणि बाई खुर्चीतून उठलीच. मीठ खरंच सोडलंत का म्हणाली. मी म्हटलं, आमच्या घरात मीठ घालतच नाहीत. मशेरी? म्हटलं, जन्मात लावली नाय. विडीचा तर वास सोसत नाय. तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, पंधरा दिवसांत एवढा निश्चय मी कुठं बघितला नाही.

"आनि काठी?" नाथूला राहवेना.

"इचारलं. म्हनाली, आता उचला, पन जपून. गोळ्या मात्र चालूच ठेवा." आणि पांडूनं खिशातून नवी पुडी काढली.

रामजी गावकरानं मान डोलावली. बाई उचल म्हणाली. विषय मिटला. येसाजी तोंड उघडून उभा राहिला आणि तसंच मिटून घरी गेला, कारण गेल्या आठवड्यात त्याची स्वतःची पाळी होती तेव्हा त्यानं आपल्या माळकरी भावाला, चांगूला, पाठवलं होतं. रामजीनंही धाकट्या भावाला पाठवलं होतं. कवळतोडीच्या दिवसांत ज्याचा हात शेतावर लागत नाही तो दवाखान्यात जायचा, आणि वाडीत हात न लागणारे सगळे एकजात वाळके होते.

गोळ्यांचा प्रश्न मात्र उरला. पुडी दिली पांडूला, म्हणजे बाईनं तपासलं पांडूला. मग गोळी खायची कुणी? साळूबाईनं विचार करून सांगितलं, ज्याचा दंड धरला त्यानं खावी. पांडू वयनीच्या शब्दाबाहेर नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो देवाला हात जोडून एक गोळी गिळायला लागला.

आठवड्याभरानं त्याला चक्कर यायला लागली आणि म्हशी जास्त दिसायला लागल्या.

*

जत्रेला चार दिवस होते. शेतात वाळत घातलेले कवळाचे राब भाजायला आले होते, डोंगरावर जिथंतिथं धूर होता आणि ऊन असं की दगडाला पाय टेकवत नव्हता. अशा उन्हात डॉक्टरीणबाई छत्री घेऊन, धापा टाकत, माचीवाडीत आली. मागून गीताबाई पाऱ्याच्या यंत्राची पेटी घेऊन.

बाईचा चेहरा लाल झाला होता, पण ती खुशीत होती. तिनं अंगणातल्या बायकांना सांगितलं, की आमच्या सगळ्या गावांत माचीवाडीसारखी वाडी नाही. पहिल्या खेपेला इथल्या लोकांची तब्येत सगळ्यांत वाईट होती, दुसऱ्या खेपेला सगळ्यांत चांगली. अलिबागला जिल्ह्याच्या बैठकीत मी तुमच्या वाडीचं नाव घेतलं. मोठे डॉक्टर म्हणाले, तिथं लोक काय खातात ते जाऊन बघून या. तर मी बघायला आले.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. आपलं नाव अलिबागेत घेतलं गेलं याचा आनंद झाला, पण खाण्याबद्दल काय सांगावं ते कुणाला सुचेना.

ओटीवर बाजेवर पांडू डोळ्यांवर ओला फडका घेऊन पडला होता. बाईनं त्याला ओळखलं आणि लगबगीनं जवळ गेली. "नाथूकाका, काय झालं?"

"हे पांडूभावजी," साळूबाई म्हणाली.

"मग नाथू कोण?"

त्याच वेळी नाथू डोक्यावर वाळक्या पानांचा भारा घेऊन अंगणात शिरला. बाईला बघून तो थांबला. भारा टाकायचं त्याला सुचलं नाही. त्याच्या मानेची शीर बोटभर जाड होऊन उडत होती, आणि छातीचा भाता लांबून ऐकू येत होता.

"काका, तुम्ही मागच्या खेपेला का आला नाहीत?"

"आलो की," नाथू भाऱ्याखालून म्हणाला. "घरटी एक मानूस आला."

बाईला आधी समजलं नाही. मग तिनं पांडूकडं बघितलं, नाथूकडं बघितलं, दोघांच्या एकसारख्या नाकांकडं बघितलं. तोवर बातमी ऐकून रामजी आला, येसाजी आला, चांगू आला. तिनं प्रत्येकाला नाव विचारलं. दवाखान्यात येसाजी म्हणून आलेला माणूस चांगू निघाला. चाळीस विड्या ओढणाऱ्यानं पंधरा दिवसांत गळ्यात माळ घालून विडी सोडली, असं तिनं बैठकीत खास सांगितलं होतं. रामजीचंही तेच. कुणी काही लपवलं नाही. उलट सगळे समजावून सांगत होते, की बाई, सावडीचे दिवस व्हते, पन खाडा कुनी केला नाय.

बाई मटकन ओटीच्या पायरीवर बसली. तिनं गीताबाईकडं बघितलं. गीताबाई शेजारच्या वाडीचीच.

"तुम्ही ओळखत होतात यांना?"

"व्हय," गीताबाई म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला चालतं."

 बाईनं पाणी मागितलं. नूतननं तांब्या आणून दिला. पाणी पिताना बाईचे खांदे हलायला लागले, तेव्हा बायकांना वाटलं ती रडतेय. एकीनं लगेच पदर सावरला. पण ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला आणि साळूबाईनं तिच्या पाठीवर हात फिरवला.

मग तिनं पेटी उघडली. आधी पांडूला तपासलं आणि त्याच्या गोळ्या जागच्या जागी बंद केल्या. मग नाथूला बसवलं. पट्टा गुंडाळला. पारा वर गेला तो खाली येईना. तिनं पुन्हा बघितलं. आता ती हसत नव्हती.

"दिलेल्या गोळ्या कुठं आहेत?"

साळूबाईनं देवाच्या फळीवरून पुडी आणली. न उघडलेली, वर हळदकुंकू वाहिलेलं.

"काका, मी तुम्हाला घाबरवत नाही," बाई म्हणाली. "पण तुमचे वडील धोंड्यावर बसले, त्याला तुम्ही पुण्य म्हणता. मला तसं म्हणता येत नाही. ही काठी तुम्ही उचलू नका."

 येसाजीसुद्धा खाली बघत होता. नाथूनं दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला, गुंडाळला, बाईच्या हातात दिला.

"बाई, मरायचं कुनाला हाय," तो म्हणाला. "पन काठी आज घराबाहेर गेली तर माझ्या आज्याला मी काय सांगू?"

 उत्तर साळूबाईनं दिलं. ती चुलीकडं निघाली होती ती दारातच वळली.

"घराबाहेर कशाला जाती? दवाखान्यात नाथू म्हनून पांडूभावजी चालले. गोळ्या त्यांनी खाल्ल्या. मंग काठीलाच का चालत नाय? घरटी एक मानूस म्हनलाव ना आत्ता?"

बाजेवरचा पांडू उठून बसला. "मी? वयनी, मला पोट कुठं हाय?"

येसाजी पुढं सरकला. पोट नाही हा मुद्दा बरोबर आहे, असं त्याला म्हणायचं होतं. पण त्याचं तोंड उघडायच्या आधी रामजी गावकरानं चांगूकडं बोट केलं आणि येसाजीकडं बघितलं. येसाजीचं तोंड आपोआप मिटलं.

"घर तेच," रामजी म्हणाला. "काठी त्याच घरची."

*

जत्रेच्या सकाळी नाथूनं नूतनच्या समोर गोळी गिळली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. मग वाजतगाजत सगळे खाली उतरले. रात्र रात्र जागून त्यानं पांडूला अंगणात दुसऱ्या कळकावर तालीम दिली होती. गुडघे वाकव. शेंड्याकडं बघ, पायाकडं बघू नको. श्वास धरू नको रे, श्वास धरलास की काठीला कळतं.

देवळापुढं पट्टा बांधायची वेळ आली आणि सगळं अडलं. तीन पिढ्यांच्या पोटांनी रुंद केलेलं ते कातडं पांडूच्या कमरेवर टिकेना. शेवटच्या भोकाला लावला तरी तो गुडघ्याकडं निघाला. दुसऱ्या वाड्यांचे लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, माचीवाडीनं यंदा काठीला काठी बांधलीय. पांडूचा चेहरा उतरला.

नाथूनं डोक्याचं मुंडासं सोडलं. उघड्या डोक्यानं तो लोकांत कधी उभा राहिलेला नव्हता. दोन्ही हातांनी त्यानं ते लांबलचक कापड भावाच्या कमरेभोवती फिरवलं, वेढ्यावर वेढा, दाबून, पिळून, जसं लहानपणी त्याला लंगोट बांधायचा तसं. बघता बघता पांडूला पोट आलं. मग त्यावर पट्टा बांधला. बसला.

"हं," नाथू म्हणाला. "उचल."

ढोल सुरू झाला. काठी उठली, थरथरली, उभी राहिली. नाथूनं पुढची दोरी धरली होती. दोरीतून ते वजन त्याच्या हाताला लागत होतं, जखमेच्या वळावर ओळखीचं दुखत होतं. पांडू नाचायला लागला. तो नाथूसारखा जड पाय आपटत नव्हता, म्हशीमागं उतरणीवर धावावं तसा नाचत होता, आणि उंच शेंड्यावरचा कुंचा असा हलत होता की असा पूर्वी कधी हलला नव्हता. मध्येच खिंडीकडून वाऱ्याचा झोत आला. काठी मागं झुकली, पांडूची टाच सुटली, नाथूनं दोरी ओढली पण एकट्यानं ती ऐकेना. तेवढ्यात ती पुन्हा सरळ झाली. नाथूनं मागं वळून बघितलं तर त्याच्याच दोरीचं टोक कुणीतरी धरलेलं होतं. येसाजीनं. पोट पुढं काढून, टाचा मातीत रोवून तो दोरीला असा रेलला होता, जणू काठी त्याचीच होती.

"ओढ रे, झोप्या," येसाजी ओरडला. "तुझ्या भावाला उडवून नेईल ती."

काठी भैरीला भेटली. पांडूनं ती खाली ठेवली आणि लोकांनी त्याला उचललं. नाथू घामानं निथळत देवळापुढच्या धोंड्यापाशी आला. तोच धोंडा. त्यानं वरची धूळ हातानं झटकली, आणि मग बसला.

साळूबाई गर्दीतून वाट काढत आली, आणि त्याला तिथं बसलेला बघून तिचे पाय थांबले. नाथूनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला कळलं, आणि तो गुडघ्यावर हात टेकवून उठला.

"हाय अजून," तो म्हणाला. "चल, भूक लागलीय. आज तरी मीठ घाल म्हनावं तिला."

*

पुढच्या खेपेला दवाखान्यात गीताबाईनं नाव पुकारलं, नाथू धोंडू उतेकर, आणि नाथू पुढं झाला. बाईनं त्याला वजनाला उभं केलं नाही, टेपही काढली नाही. आधी त्याचा डावा हात धरून उजेडाकडं नेला, अंगठ्याशेजारच्या बोटावर लांबट वळ होता तो बघितला, आणि मगच दंडाला पट्टा गुंडाळला. पारा अजून वरच होता, पण मागच्याइतका नव्हता.

"जत्रा कशी झाली?" फुगा सोडता सोडता तिनं विचारलं. "शेवटी काठी कुणी उचलली?"

नाथूनं बाही खाली केली.

"आमच्या घरानं," तो म्हणाला.